करपलेली बिअर

दूध खाली लागतं, खीर लागते, तशी बिअरही लागते. पश्चिम लंडनमधल्या एका घरामागच्या शेडमध्ये यजमानानं माझ्या हातात ग्लास दिला आणि म्हणाला, "काका, पिऊ नका. नुसता वास घ्या." आधी गव्हाच्या बिअरला असतो तसा केळ्या-लवंगेचा मंद वास आला. त्याच्या मागोमाग राख, करपलेली साखर आणि जळक्या वायरीसारखं काहीतरी नाकात शिरलं. अशी वीस लिटर झाली होती. यीस्ट बदला, हॉप्स वाढवा, महिनोन्महिने मुरवा, हा वास जात नाही. सगळी मोरीत ओतली होती. एवढी एक बाटली त्यानं पुरावा म्हणून ठेवली होती.

यजमान मूळचा पिंपरीचा, हिंजवडीत नोकरी करून मग इकडे आलेला संगणक अभियंता. नाव छापू नका, असं त्यानं आधीच बजावलं होतं. कायद्याची भीती नव्हती. त्याची आई दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. त्याच्या बायकोची तक्रार वेगळीच होती. "अरे, ह्यांना ते भांडं उलटं करून दाखव. शनिवार बिअर करण्यात जातो आणि रविवार ते घासण्यात," ती म्हणाली.

भांडं उलटं केलं नाही, पण टॉर्च लावून आत बघितलं. तळाशी दोन पदरी वळवलेली स्टीलची कांडी होती. आपल्या गीझरमध्ये असते तीच वस्तू, जिला आपला गीझरवाला कॉइल म्हणतो आणि इकडचे लोक एलिमेंट. तिच्या वळणावर खालच्या अंगाला काळा, चकचकीत, नखानं न निघणारा डाग होता. वीस लिटरचा निकाल त्या डागानं लावला होता.

घरच्या बिअरची कृती ऐकायला सोपी आहे. मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे माल्ट, भरडायचे. ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले की त्यांतल्या पिष्टाची साखर होते. चोथा वर उचलून निथळायचा. खाली उरलेला गोड रस, म्हणजे वर्ट, हॉप्सची कडू फुलं घालून तासभर उकळायचा, झटपट गार करायचा आणि यीस्ट सोडायचं. पूर्वी हे गॅसवर, मोठ्या पातेल्यांत चालायचं. ब्रिटनमध्ये प्लॅस्टिकच्या बादलीला भोक पाडून त्यात किटलीचं एलिमेंट बसवणाऱ्यांची एक आख्खी पिढी होऊन गेली. आता सगळी कामं एकाच भांड्यात करणारी यंत्रं मिळतात. जर्मनीच्या श्पायडेलचं ब्राउमाइस्टर, न्यूझीलंडचं ग्रेनफादर ही त्यांतली नावाजलेली. काहींत एलिमेंट उघडं, रसात बुडालेलं असतं; काहींत ते तळाच्या पत्र्याला खालून चिकटवलेलं असतं आणि वरून सपाट स्टील तेवढं दिसतं. दोन्हींचा आजार एकच.

माल्ट भरडताना थोडं पीठ होतंच. ते जाळीतून खाली उतरतं आणि सगळ्यात खाली, म्हणजे नेमकं एलिमेंटवर, जाऊन बसतं. उकळी फुटायच्या सुमारास प्रथिनं गोठतात, तीही तिथेच येतात. गव्हाच्या माल्टला टरफल नसतं, प्रथिनं जास्त असतात, रस चिकट होतो; म्हणून गव्हाच्या बिअरला धोका अधिक. यजमानानं त्या दिवशी वेळ वाचवायचा म्हणून चोथा निथळत असतानाच रस फिरवणारा पंप बंद करून पूर्ण ताकदीवर उकळी चढवायला लावली होती. रस स्थिर होता, पीठ खाली बसलेलं होतं, आणि एलिमेंट आपलं काम करत राहिलं.

आपलं काम करत राहणं हाच या वस्तूचा स्वभाव आहे, आणि पुढची सगळी साफसफाई त्या स्वभावामुळे करावी लागते. तो स्वभाव ज्यानं पहिल्यांदा मोजला तो माणूस बिअरवाल्याचा मुलगा होता.

जेम्स प्रेस्कॉट जूल. जन्म २४ डिसेंबर १८१८, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमध्ये. वडिलांची मोठी ब्रूअरी होती. मुलगा प्रकृतीनं नाजूक, म्हणून शिकवणी घरच्या घरी. आणि नंतर शिकवायला मिळाले ते खुद्द अणुसिद्धांतवाले जॉन डाल्टन. तरुण जूलला आधी एक व्यवहारी प्रश्न पडला होता : ब्रूअरीतलं वाफेचं इंजिन काढून विजेची मोटर लावली तर परवडेल का? उत्तर आलं, नाही. बॅटरीत झिजणारं जस्त कोळशापेक्षा फारच महाग पडत होतं. पण या हिशेबात विजेच्या तारा तापतात किती, ही चौकशी त्याच्या मागे लागली. त्यानं काचेच्या नळीवर तार गुंडाळली, ती पाण्याच्या भांड्यात बुडवली, वीज सोडली आणि थर्मामीटर धरून बसला. १८४१ मध्ये छापलेल्या निबंधात नियम आला : उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. पाण्यात बुडवलेली तार, वर थर्मामीटर. लंडनच्या त्या शेडमध्ये तीच मांडणी उभी होती, फक्त पाण्याच्या जागी वर्ट.

पुढे जूलनं काम आणि उष्णता यांचं नातं अंशाच्या बारीक अपूर्णांकांपर्यंत मोजलं. मँचेस्टरच्या जॉन डान्सर यांनी बनवलेली थर्मामीटरं त्याच्याकडे होती, आणि तापमानाचा असा सराव ब्रूअरीत वाढलेल्या माणसाला असणं नवलाचं नाही. दोन अंश इकडेतिकडे झाले की माल्टमधली साखर बदलते, हे त्या घराला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार. १८८९ मध्ये तो गेला. सेल गावातल्या ब्रुकलँड्स दफनभूमीत त्याच्या थडग्याच्या दगडावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे : एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला लागणारं काम, फूट-पौंडांत. आयुष्यभराच्या मोजमापाचं उत्तर थडग्यावर कोरून घ्यावं, असं भाग्य फार थोड्या शास्त्रज्ञांना मिळालं असेल.

जूलच्या नियमात एक गोष्ट दडलेली आहे, जी घरगुती बिअरवाल्याला महागात पडते. तारेतून किती वॉट निघणार हे वीज आणि रोध ठरवतात. बाहेर काय आहे, पाणी आहे की पिठाचा लगदा, याच्याशी तारेला देणंघेणं नाही. मोठ्या ब्रूअरीत भांड्याला वाफेचं जॅकेट असतं. हवेच्या दाबाच्या दुप्पट दाबाची वाफ साधारण १२० अंशांची असते. भांड्याच्या भिंतीवर थर बसला तर उष्णता कमी जाते, उकळी मंदावते, पण भिंत १२० अंशांच्या वर जाऊ शकत नाही. वाफ अडली की थांबते. एलिमेंट थांबत नाही. त्याच्या वाटेत थर आला तर ते स्वतः आणखी तापतं, आणि ठरलेले वॉट पलीकडे ढकलूनच सोडतं. असा हट्टी गडी तळाशी बसवलेला असतो.

हा हट्ट आकड्यांत मांडता येतो. घरगुती बिअरसाठी जी सौम्य एलिमेंटं विकली जातात, त्यांच्या पृष्ठभागातून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे आठ वॉट निघतात. त्यासाठी कांडी लांब करून पुन्हा उलटी दुमडतात, म्हणजे तेवढेच वॉट जास्त जागेवर पसरतात. स्वस्तातल्या, आखूड एलिमेंटात हा आकडा वीसच्याही वर जातो. चुनखडीच्या सच्छिद्र थराची उष्णता वाहून नेण्याची क्षमता स्टीलच्या पंधराव्या भागाच्या आसपास धरली, तर एक मिलिमीटर थरासाठी सौम्य एलिमेंटचा पृष्ठभाग रसापेक्षा ८० अंशांनी जास्त तापावा लागतो. आखूड एलिमेंटचा दोनशेहून जास्त. वर्टमधली साखर आणि प्रथिनं यांना काळं पडायला एवढं पुष्कळ झालं. आणि काळा पडलेला थर हा नवा अडथळा. त्याच्याखालचं स्टील आणखी तापतं, त्याच्यावर आणखी थर बसतो.

इथं एका प्रचाराची गाठ सोडवायला हवी. गीझर साफ करणाऱ्यांची आणि थर घालवायच्या पावडरींची जाहिरात सांगते की थरामुळे विजेचं बिल भरमसाट वाढतं. पाण्यात पूर्ण बुडालेल्या एलिमेंटच्या बाबतीत मला हे पटत नाही. दोन हजार वॉट आत गेले तर दोन हजार वॉट पाण्यातच जाणार, दुसरीकडे जायला वाट कुठे आहे? वीस लिटर पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला दोन हजार वॉटचं एलिमेंट सुमारे ५६ मिनिटं घेतं, थर असो वा नसो. फरक पडलाच तर थोडा. तळाला बाहेरून चिकटवलेल्या एलिमेंटची गोष्ट जरा वेगळी, तिथे काही उष्णता खाली निसटते. पण थराची खरी किंमत बिलात शोधू नये. ती आधी चवीत वसूल होते आणि मग एलिमेंटच्या आयुष्यात.

आता थर येतो कुठून? अर्धा पाण्यातून, अर्धा माल्टमधून, आणि दोघांचे स्वभाव अगदी उलट. लंडनचं बरंचसं पाणी खडूच्या डोंगरातून झिरपून आलेलं असतं. बऱ्याच भागांत लिटरमागे २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कठीणपणा, तोही तापवल्यावर खाली बसणारा. विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, साधी चुनखडी, उरते. ती बसते सर्वांत गरम जागेवर. जूलच्या मँचेस्टरला हा ताप नाही. तिथलं पाणी लेक डिस्ट्रिक्टच्या तलावांतून येतं आणि मऊ असतं. आपल्याकडेही बेसॉल्टवरच्या धरणाचं पाणी आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी यांत हाच फरक दिसतो. ज्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात तिथल्या गीझरवाल्याला उन्हाळ्या-हिवाळ्यात बसायला उसंत नसते.

गंमत अशी की चुनखडी वर्टमधून फारशी बसत नाही. मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजलेला भरडा माल्ट, आम्ल असतो, त्याचा पीएच ५.२ ते ५.५ च्या आसपास, आणि तेवढ्या आम्लतेत बायकार्बोनेट आधीच निकालात निघतं. पांढरा थर बसतो तो नुसतं पाणी तापवताना : सुरुवातीचं पाणी, चोथा धुवायचं पाणी. मग त्या खरखरीत थरावर वर्टमधलं पीठ आणि प्रथिनं पकड घेतात. म्हणजे आधी पांढरा, त्यावर तपकिरी, त्यावर काळा. यजमानाच्या कांडीवरून निघालेली खपली त्यानं जपून ठेवली होती. टॉर्चखाली तिन्ही पदर वेगळे दिसत होते.

बर्टन-अपॉन-ट्रेंटचं पाणी आणखी निराळं. तिथे जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर. १८२० च्या दशकापासून याच पाण्यातून झालेली कडवट, फिकी बिअर जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला यायची. इंडिया पेल एल हे नाव त्या प्रवासातून पडलं. आज जगभरचे हौशी तसला कडवटपणा आणायला पाण्यात चमच्यानं जिप्सम टाकतात. अतिरेक केला तर एलिमेंटवर त्याचाही थर बसू शकतो, आणि तो सायट्रिक ॲसिडला दाद देत नाही. चवीसाठी टाकायचं तर मोजून टाकावं, आणि ते नुसत्या पाण्यात नव्हे, मॅशमध्ये.

साफसफाईत सगळा खेळ क्रमाचा आहे. वरचा थर सेंद्रिय, म्हणून आधी क्षार. खालचा खनिज, म्हणून नंतर आम्ल. उलटं केलं तर आम्ल त्या करपलेल्या सालीवर नुसतं बसून राहतं. बहुतेकांची चूक इथेच होते. व्हिनेगरच्या बाटल्या ओततात आणि काळा डाग हलत नाही म्हणून वैतागून तारेची घासणी हाती घेतात.

बिअर काढून झाली की भांडं वाळू द्यायचं नाही. ओला थर आणि वाळलेला थर यांत दहा मिनिटं आणि दोन तास एवढा फरक आहे. लगेच एलिमेंट पूर्ण बुडेल इतकं पाणी, त्यात सोडियम परकार्बोनेट. कपड्यांचे डाग काढायच्या ऑक्सिजन पावडरीत असतं तेच, पण बिनवासाचं आणि बिनफेसाचं घ्यावं. पाण्यात त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. एक प्रथिनं सोडवतो, दुसरा ती उडवून लावतो. ६० ते ७० अंशांवर पंप फिरता ठेवून अर्धा तास. हौशी मंडळींच्या विकतच्या पावडरीत यासोबत सोडियम मेटासिलिकेट असतं, ते धातूला झीज होण्यापासून जपतं आणि सुटलेली घाण पुन्हा बसू देत नाही. ॲल्युमिनियमचं भांडं असेल तर जपून. जहाल क्षार ॲल्युमिनियम खातो.

डाग हट्टी असेल तर यजमानाची युक्ती अशी : हेच पाणी घालून रात्रभर तसंच ठेवायचं, एलिमेंट बंद करून. सकाळी मऊ नायलॉनच्या ब्रशनं साल अख्खी निघते. तारेची घासणी स्टीलमध्ये लोखंडाचे कण रुतवते, ते गंजतात, आणि स्टीलचा गंज म्हणून आपण कंपनीला नावं ठेवतो. ओरखडे पडले की पुढच्या वेळी पिठाला धरायला जागाही मिळते.

मग भरपूर पाण्यानं धुऊन सायट्रिक ॲसिड, आपल्या वाण्याकडचं लिंबूसत्त्व. लिटरला दोन-तीन चहाचे चमचे, पाणी कोमट ते गरम, पण उकळतं नको. लोकांना वाटतं, जेवढं गरम तेवढं चांगलं. पण सायट्रिक आम्ल आणि चुना यांपासून होणारं कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं. उकळलं तर चुनखडी जाऊन तिच्या जागी सायट्रेटचा पांढरा पापुद्रा येतो. बुडबुडे थांबले की काम झालं. आणि ब्लीचिंगचं द्रावण या सगळ्यापासून लांब ठेवावं : आम्लाशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि एकटं असलं तरी स्टीलला बारीक खड्डे पाडतं.

एवढं करूनही काही भांड्यांत राखाडी-पिवळट, खरखरीत असं काहीतरी उरतं. तो बिअरस्टोन : सातूतलं ऑक्झॅलिक आम्ल आणि पाण्यातलं कॅल्शियम यांचं कॅल्शियम ऑक्झॅलेट, प्रथिनांच्या लुकणात बसलेलं. त्याचा मुख्य मुक्काम आंबवायच्या टाकीत आणि पिंपांत, पण उकळायच्या भांड्यातही तो दिसतो. सायट्रिक त्याचं फारसं काही करत नाही. ब्रूअऱ्या यासाठी फॉस्फोरिक आणि नायट्रिक आम्लांचं मिश्रण वापरतात. घरी ते हाताळण्यापेक्षा तो होऊच न देणं बरं. मॅशमध्ये पुरेसं कॅल्शियम असलं तर ऑक्झॅलेट चोथ्यासोबतच बाहेर जातं. अमेरिकन हौशी ज्या 'बार कीपर्स फ्रेंड' पावडरीनं स्टील लखलखीत करतात, तिच्यात नेमकं ऑक्झॅलिक आम्लच असतं. १८८२ मध्ये इंडियानापोलिसच्या एका रसायनतज्ज्ञानं ती काढली, रूबार्ब नावाची आंबट भाजी शिजवल्यावर भांडं चकाकलेलं बघून, अशी कंपनीची कथा आहे. गंजाच्या डागांवर ती उत्तम, बिअरस्टोनवर निरुपयोगी. एकाच आम्लाचा कॅल्शियमशी झालेला संसार त्याच आम्लानं कसा मोडणार?

थर नुसता चव बिघडवून थांबत नाही. एलिमेंटच्या आत निकेल-क्रोमियमची तार असते. अल्बर्ट मार्श यांना अमेरिकेत १९०६ मध्ये या मिश्रधातूचं पेटंट मिळालं आणि लाल होऊनही न जळणारी तार जगाला मिळाली. तारेभोवती घट्ट दाबलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड, जी उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. त्यावर स्टीलचं कवच. एका जागी थर, दुसऱ्या जागी स्वच्छ, असं झालं की कवच असमान तापतं, आणि वर्षानुवर्षं तसं होत राहिलं की त्याला केसाएवढी भेग जाते. पाणी आत शिरलं की गळती सुरू. अशा वेळी घरातला आरसीडी, म्हणजे आपल्याकडचा आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरला पडतो. तो पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो काढून टाकणारे महाभाग लंडनमध्येही आहेत, नाशकातही. भांड्यातल्या गोड पाण्यात हात घालणाऱ्या माणसानं असलं धाडस करू नये.

तळाला चिकटवलेल्या एलिमेंटच्या भांड्यांत आणखी एक पहारेकरी असतो : जास्त तापलं की वीज तोडणारा कटआउट, बहुधा बुडाखाली लाल बटण. उकळी चढताना तो पडला तर बटण दाबून पुढे जायचा मोह होतो. तो पडला याचा अर्थ तळाला काहीतरी लागलेलं आहे. मोठ्या चमच्यानं तळ खरवडून मगच बटण दाबावं. यजमान आता उकळी चढवताना निम्म्याच वॉटवर ठेवतो, पंप बंद करत नाही, आणि चोथा पूर्ण निथळून झाल्यावरच ताकद वाढवतो. वेळ जास्त लागतो. त्या वेळात तो आईला फोन करतो, असं त्यानं सांगितलं, आणि ती काय करतोस विचारते तेव्हा पाणी तापवतोय म्हणतो.

ब्रिटनमध्ये घरच्या बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली, तरी अलाबामा आणि मिसिसिपी यांनी २०१३ पर्यंत अडवून धरलं. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रूअऱ्या आहेत, पण त्या परवान्याच्या. यजमानाच्या हौशीला पिंपरीत जागा नाही. त्याची विद्या मात्र तिथे उपयोगी पडते. गेल्या सुट्टीत त्यानं आईच्या गीझरची कॉइल काढून लिंबूसत्त्वात बुडवली आणि मल्टिमीटरनं रोध मोजला. दोन हजार वॉट, २३० व्होल्ट, म्हणजे साडेसव्वीस ओहमच्या आसपास यायला हवा, तेवढाच आला. वायसर नवीन टाकला. गीझरवाल्यानं कॉइल बदलायलाच लागेल म्हणून सांगितलं होतं. आई म्हणाली, लंडनला जाऊन एवढं तरी शिकलास.